चौदा फलक आणि खालची एक पट्टी

३ जून

जगभरातल्या पक्ष्यांवरच्या फिरत्या प्रदर्शनाचं काम आजपासून सुरू. चौदा फलक, प्रत्येकावर एक मोठं चित्र आणि फार तर दीडशे शब्द. मजकूर माझ्याकडे, चित्रं चित्रकाराकडे. वाचणाऱ्याला आधीचं काही ठाऊक आहे असं धरायचं नाही, एवढं ठरलं.

पहिली यादी विक्रमांची केली. सगळ्यात मोठा शहामृग, सगळ्यात लहान क्यूबातला मधमाशी-हमिंगबर्ड, सगळ्यात वेगवान बहिरी ससाणा, सगळ्यात लांबवर जाणारा आर्क्टिक सुरय. चित्रकाराने विचारलं की संदर्भाच्या फोटोंत काही पक्ष्यांच्या पायात कड्या आणि पाठीवर यंत्रं दिसतात, ती चित्रात घ्यायची का? मी नको म्हटलं. पक्षी रानात असतो तसा दिसावा.

६ जून

तीन मसुदे झाले आणि तिन्ही बेचव. ‘हा हमिंगबर्ड दोन ग्रॅमहून हलका असतो’ असं लिहिलं आणि तिथेच अडलो. वाचणारा क्षणभर थांबेल आणि पुढच्या फलकाकडे जाईल. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. विक्रम त्यातल्या मूठभरांच्या नावावर. निम्म्याहून जास्त जाती तर चिमण्या-बुलबुलांच्या एकाच गणातल्या, बहुतेक लहान चणीच्या. त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत त्या वजनाने नव्हे, वागण्याने.

विक्रमांची यादी बाजूला ठेवली. तिच्या जागी काय, ते अजून सुचलेलं नाही.

९ जून

सुचलं, आणि ते एका मेलेल्या करकोच्यामुळे.

जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात पेंढा भरलेला एक पांढरा करकोचा आहे. १८२२ साली क्लूट्झजवळ तो मारला गेला. त्याच्या मानेतून एक भाला आरपार गेलेला होता, सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा, आणि भाल्याची घडण आफ्रिकेतली. आफ्रिकेत वार झाला, पक्षी मेला नाही, आणि तो भाला मानेत घेऊन उडत युरोपात परतला. हिवाळ्यात हे पक्षी कुठे नाहीसे होतात यावर शतकानुशतकं तर्क चालू होते. काही पक्षी बिळात झोपून थंडी काढतात, एका जातीचा पक्षी ऋतू पालटला की दुसऱ्या जातीचा होतो, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. उत्तर आलं ते त्या भाल्यासकट.

मग १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या आणि भोरडीच्या कुळातला. भाल्याचं काम आता एक हलकी कडी करू लागली, पक्ष्याला न दुखवता.

ठरवलं: प्रत्येक फलकाच्या तळाशी एक पट्टी, मथळा ‘कसं कळलं?’. वर पक्षी काय करतो ते, खाली माणसाला ते कसं समजलं ते. पट्टी भरता आली नाही तर तो फलक रद्द.

१० जून

या नियमावर जुन्या टिपणातल्या बऱ्याच गोष्टी गळाल्या. शहामृग वाळूत डोकं खुपसतो, हे कुणी पाहिलेलं नाही. तो जमिनीतल्या खळग्यात अंडी ठेवतो आणि चोचीने ती फिरवायला मान खाली घालतो, लांबून पाहणाऱ्याला डोकं नाहीसं झाल्यासारखं वाटतं. चातक पावसाच्या थेंबांवरच जगतो ही कवितेतली गोष्ट मला फार प्रिय आहे, पण खरा चातक केसाळ सुरवंट खातो आणि अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतो. कवितेचं कवितेपाशी राहू दे. फलकावर सुरवंट.

१४ जून

आर्क्टिक सुरय पूर्ण. विक्रमांच्या यादीतून वाचलेला हा एकच, कारण त्याची पट्टी त्याच्या आकड्याहून सरस निघाली.

उत्तरेच्या उन्हाळ्यात तो आर्क्टिकजवळ वीण करतो आणि दक्षिणेच्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाजवळ असतो. ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या ११ पक्ष्यांची माहिती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातून वर्षाचा सरासरी प्रवास निघाला ७०,९०० किलोमीटर. पक्ष्याच्या पायावर १.४ ग्रॅमचं यंत्र होतं. ते कुठलाही संदेश पाठवत नाही. किती उजेड आहे एवढंच टिपत राहतं. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला यावरून पक्षी पृथ्वीवर कुठे होता ते काढायचं. पण त्यासाठी तोच पक्षी पुढच्या वर्षी परत यावा लागतो आणि पुन्हा हाती लागावा लागतो. वर्षभर वाट पाहायची, ती शंभरेक ग्रॅमच्या पक्ष्याची!

तो सरळ जातही नाही. अटलांटिकच्या मध्यावर जवळजवळ महिनाभर थांबतो, मग काही पक्षी आफ्रिकेच्या किनाऱ्याने उतरतात, काही समुद्र ओलांडून ब्राझीलच्या बाजूने. परतताना वाऱ्याची साथ घेत इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं मोठं वळण. नकाशावर सरळ रेघ ओढून पूर्वी काढलेला आकडा जवळपास निम्मा होता, तो याचमुळे.

चित्रकाराने पायावरचं यंत्र काढलं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं. चित्र आणि पट्टी शेजारी ठेवून पाहिली आणि चूक लक्षात आली. जे यंत्र खाली सांगायचं तेच वर लपवायचं, असं चालणार नाही. त्याला फोन केला आणि पहिल्या दिवशीची सूचना मागे घेतली. जिथे कडी आहे तिथे कडी दिसेल.

१७ जून

नावांचा दिवस. मराठीत रुळलेलं नाव असेल तर तेच: सुरय, पखुर्डी, कोतवाल, शिंपी, धनेश. नसेल तर मूळ नाव देवनागरीत. ‘लायरबर्ड’ला वीणापक्षी करून पाहिलं, ओढूनताणून वाटलं, सोडून दिलं.

शिंप्यावर आज फार वेळ गेला, फलकात तो नसूनही. पानांच्या कडा शिवून घरटं करणाऱ्या या पक्ष्याची एक नवी जात २०१३ मध्ये जाहीर झाली, तीही कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हच्या परिसरातून. दुर्गम अरण्यातून नाही. लाखो माणसांच्या शेजारच्या झुडपांत ती राहत होती.

२० जून

पखुर्डी. मला या प्रदर्शनातला सर्वात जवळचा वाटणारा फलक.

नमाक्वा पखुर्डी आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला कोरड्या प्रदेशात राहते. घरटं पाण्यापासून कित्येक किलोमीटर लांब, पिल्लांना उडता येत नाही, आणि खाणं म्हणजे कोरडं बी. पाणी आणतो नर. तो पाणवठ्यावर येतो, पोटापर्यंत पाण्यात उतरतो आणि अंग वरखाली हलवत राहतो. पोटाच्या पिसांची रचना अशी की कोरडी असताना त्यांचे बारीक तंतू गुंडाळलेले असतात आणि भिजले की उलगडून उभे राहतात, त्यांच्या दाटीत पाणी धरलं जातं. मग तो उडत परत येतो, ताठ उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतून पाणी ओढून घेतात.

पट्टी: एडमंड मीड-वॉल्डो यांनी पाळलेल्या पखुर्ड्यांमध्ये हे पाहून १८९६ मध्ये लिहिलं. अनेकांनी ते खरं मानलं नाही. १९६७ मध्ये टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कालाहारीत रानातल्या पक्ष्यांचं निरीक्षण करून आणि पिसांत किती पाणी मावतं ते मोजून ते पक्कं केलं. सत्तर वर्षं एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कागदावर तशीच पडून होती. हा तपशील दीडशे शब्दांत बसत नव्हता, म्हणून पखुर्डीच्या रंगाचं वर्णन कापलं. रंग चित्रात आहेच.

२१ जून

पखुर्डीचं कच्चं चित्र आलं. पिल्लं नराच्या चोचीतून पाणी पिताना दाखवली होती. परत पाठवलं. मुद्दा नेमका तोच आहे: चोच नाही, पोट.

२५ जून

कावळ्यावर दिवस गेला आणि मसुदा फाडावा लागला.

न्यू कॅलेडोनिया बेटावरचा कावळा काटक्यांना आकडा करून झाडाच्या भोकांतल्या अळ्या बाहेर काढतो. मी फलक उभा केला होता ऑक्सफर्डमधल्या बेटी या मादीवर. २००२ मध्ये तिची बातमी जगभर झाली. नळीच्या तळाशी खाऊची छोटी बादली, शेजारी सरळ तार. बेटीने तार वाकवून आकडा केला आणि बादली उचलली. ‘कुणी न शिकवता तिने तत्क्षणी शोध लावला’ असं माझं वाक्य होतं, मोठ्या ठशात.

आज पुढचं वाचलं. रानातले याच जातीचे कावळे हत्यार करताना काटक्या वाकवतात, ते त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे, असं २०१६ मध्ये दाखवून देण्यात आलं. बेटी रानातून आणलेली होती. तेव्हा ते वाकवणं तिला आधीपासूनच येत असणं शक्य आहे. तिचं कर्तृत्व त्याने खोटं ठरत नाही, पण माझं वाक्य ठरतं.

नवा फलक बेटीवर नाही, आकड्यावर. काटकी निवडणं, फांदीचा जोड नेमका तोडणं, टोक कुरतडून आकडा नीट करणं. पट्टीत दोन्ही वर्षं लिहिली, २००२ आणि २०१६. आधी काय समजलो आणि नंतर ते कसं दुरुस्त झालं, हेही ‘कसं कळलं’मध्येच येतं.

२८ जून

फ्रिगेटपक्षी. गॅलापागोसमधल्या मोठ्या फ्रिगेटपक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूचे तरंग टिपणारं लहान यंत्र बसवलं होतं. निकाल २०१६ चे. सलग दहा दिवसांपर्यंत समुद्रावर उडताना हे पक्षी दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपले, जमिनीवर आल्यावर बारा तासांहून जास्त. पुष्कळदा मेंदूचा एकच अर्धा भाग झोपतो आणि घिरट्या घेताना वळणाच्या दिशेचा डोळा उघडा राहतो. कधी दोन्ही अर्धे एकदम झोपतात, तरी पक्षी पडत नाही. लिहून झालं, काही कापावं लागलं नाही.

१ जुलै

गाण्याचा फलक आज मुळापासून बदलला. मसुद्याचं शीर्षक होतं ‘नर गातो, मादी निवडते’. शाळेपासून डोक्यात बसलेलं वाक्य.

२०१४ च्या एका व्यापक पाहणीत गाणाऱ्या पक्ष्यांच्या तपासलेल्या जातींपैकी ७१ टक्क्यांमध्ये मादीही गाते असं आढळलं. या पक्ष्यांच्या समान पूर्वजांमध्येही नर-मादी दोघं गात असावेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे मादी गायला कधी शिकली हा प्रश्न चुकीचा. काही ठिकाणी तिने गाणं का सोडलं, हा खरा प्रश्न. एवढी मोठी गोष्ट इतका काळ नजरेआड राहिली, कारण बराचसा अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाला, आणि तिथल्या समशीतोष्ण रानांत मुख्यतः नरच गाताना ऐकू येतो. उष्ण प्रदेशांत आणि ऑस्ट्रेलियात ऐकणाऱ्यांना वेगळंच ऐकू येत होतं.

शीर्षक आता ‘कोण गातं?’. चित्रात ऑस्ट्रेलियातली फेअरीरेन मादी, चोच उघडी. चित्रकार म्हणाला, ती नरासमोर फिकी दिसेल. नर काढूनच टाक म्हटलं.

४ जुलै

कोतवाल. शेपटी दुभंगलेला आफ्रिकेतला कोतवाल मीरकॅटच्या, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या लहान प्राण्यांच्या, कळपाजवळ बसतो. शिकारी पक्षी आला की खरा इशारा देतो, कळप पळतो, वाचतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला शिकतो. मग कुणाला रसदार अळी सापडली की तोच इशारा खोटा देतो आणि टाकलेली अळी उचलतो. एकच हाक पुन्हा पुन्हा दिली तर मीरकॅट फसेनासे होतात, म्हणून तो दुसऱ्या जातींच्या हाका काढतो, मीरकॅटच्या स्वतःच्या हाकेसुद्धा. टॉम फ्लॉवर यांनी कालाहारीत वर्षानुवर्षं या पक्ष्यांमागे चालत हे नोंदवलं.

‘लबाड’ हा शब्द तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. बहुतेक वेळ तो पहारेकरी असतो. मराठीने त्याच्या भाऊबंदांना कोतवाल हे नाव दिलं ते उगाच नाही.

९ जुलै

मधाची वाट दाखवणारा हनीगाइड. मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात याओ समाजातले मध शोधणारे ‘ब्र्रर्र-हम्म’ असा आवाज काढतात. पक्षी येतो, बडबडत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, माणूस मागे. पोळ्यापाशी पोचल्यावर माणूस धुराने माशा शांत करून मध घेतो, पक्ष्याला मेण मिळतं. पोळं फोडणं त्याच्याच्याने होत नाही, आणि माणसाला ते सापडत नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रानातून चालताना तीन प्रकारचे आवाज ध्वनिवर्धकावर लावले: ही खास हाक, माणसाचे इतर शब्द, आणि दुसऱ्या पक्ष्याचा आवाज. खास हाकेने पक्ष्याने वाट दाखवण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली. पक्षी पाळीव नाही, कुणी शिकवलेला नाही. पिल्लू असताना तो आईबापांनाही भेटत नाही, कारण हनीगाइड अंडं दुसऱ्याच्या घरट्यात घालतो आणि त्याचं आंधळं पिल्लू चोचीच्या आकड्याने यजमानाच्या पिल्लांना मारतं.

हे शेवटचं वाक्य ठेवावं का, यावर संपादकांशी बोललो. त्यांना वाटलं, लहान मुलं वाचतील, गोड गोष्ट बिघडेल. माझं म्हणणं की हा पक्षी गोड गोष्टीतला नाहीच. माणसाबरोबर भागीदारी करणारा आणि घरट्यात खून करणारा पक्षी एकच आहे, ते एका फलकावर यायला हवं. वाक्य राहिलं.

१२ जुलै

मॅलीफाउल. ऑस्ट्रेलियातला हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. नर पालापाचोळा आणि वाळू यांचा काही मीटर रुंद ढीग रचतो, आत कुजणाऱ्या पाल्याची ऊब आणि वरून ऊन. चोच आत खुपसून तो वाळू उकरतो किंवा घालतो आणि ढिगाचा गाभा ३३ अंशांच्या आसपास राखतो. पट्टीसाठी हॅरॉल्ड फ्रिथ: १९५० च्या दशकात त्यांनी ढिगात विजेचे हीटर पुरले आणि नर काय करतो ते पाहिलं. ऊब वाढली की नर ढीग उघडायचा. पिल्लू आतून स्वतः वाळू उपसत बाहेर येतं, चालू लागतं, आणि आईबापांकडे वळूनही पाहत नाही.

१८ जुलै

ऐकण्याचा फलक. इथे बटण दाबलं की आवाज येईल. दोन आवाज निवडले, आणि निवडताना दुसरं काही काम झालं नाही.

पहिला कवाई ओ-ओ. हवाईतल्या कवाई बेटावरचा पक्षी. रानतोड, बाहेरून आलेले उंदीर, डासांतून पसरलेला पक्ष्यांचा हिवताप आणि वादळं यांत तो संपत गेला. १९८७ नंतर त्याचा आवाज कुणाला आलेला नाही. त्याच्याबरोबर पक्ष्यांचं एक अख्खं कुळ गेलं. शेवटच्या काळातलं ध्वनिमुद्रण आहे. बासरीसारखे सूर, मग शांतता, मग पुन्हा सूर. ध्वनितंत्रज्ञाने मधली शांतता कापून तुकडा लहान करू का विचारलं. कापू नका.

दुसरा रीजंट हनीईटर, ऑस्ट्रेलियातला, रानात आता काहीशेच उरलेला. तरुण नर गाणं शिकतात ते वयस्क नरांचं ऐकून. पक्षी इतके विरळ झाले की शिकवणारा कानावर पडत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर दुसऱ्याच जातींची गाणी गाताना आढळले. मादी अशा नराकडे कमी वळते. आता पिंजऱ्यात वाढवलेल्या तरुण नरांना स्वजातीच्या गाण्याचं शिक्षण दिलं जातं. जात शिल्लक असूनही तिचं गाणं हरवू शकतं, हे मला या कामाआधी ठाऊक नव्हतं.

२४ जुलै

तेरा फलक छपाईला गेले. चौदाव्याची जागा रिकामी ठेवली होती, ती लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याला दिली.

१९५६ मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर पक्षी-अभ्यासक चँडलर रॉबिन्स यांनी एका मादीच्या पायात कडी घातली. घरट्यावर बसली होती, म्हणजे तेव्हा किमान पाच वर्षांची. २००२ मध्ये त्याच बेटावर रॉबिन्स यांच्या हाती तीच मादी पुन्हा आली. कडीचा क्रमांक जुन्या नोंदींत शोधला तेव्हा कळलं की ती आपणच बांधली होती. मधल्या काळात कड्या झिजल्या, बदलल्या, पण क्रमांकांची साखळी तुटली नाही. आता तिला विज्डम म्हणतात. रॉबिन्स २०१७ मध्ये वारले. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं, वय किमान ७४.

२६ जुलै

विज्डमचं चित्र आलं. पक्षी मोठा, डोकं आणि पोट पांढरं, डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखी सावली. चित्रकाराने विचारलं नव्हतं, तरी उजव्या पायात लाल कडी काढली होती, तिच्यावर विज्डमच्या कडीचा Z333 हा क्रमांक, फक्त Z ऐवजी आपल्या लिपीत ‘झेड’ आणि ३३३. छपाईवाल्यांना एवढंच कळवलं की कडी चौकटीत कापली जाऊ देऊ नका.